हात कामात, नजर शिवारात

मंडळी, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाची पहिली वेचणी निघाली म्हणजे बाया लगेच बोंडाला हात घालीत नाहीत. आधी शेतात खडे मांडून पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो. यालाच आपण सीतादही म्हणतो. तेवढा वेळ काम थांबते आणि सगळ्यांची नजर पांढऱ्याशुभ्र पऱ्हाटीवर जाते. डोळे भरून पाहण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.

किती जुनी म्हणाल? हाल सातवाहन राजाच्या नावाने चालत आलेली ‘गाथासप्तशती’ पाहा. महाराष्ट्री प्राकृतातील या सुमारे सातशे गाथांत राजवाडे थोडे, खेडी फार. गोदावरीचा काठ, विंध्याचे रान, पहिला पाऊस, कपाशीचे शेतसुद्धा त्यात आहे. प्रत्येक गाथा अवघ्या दोन ओळींची. एक क्षण पाहिला, तो दोन ओळींत ठेवला, आणि शतकानुशतके टिकला.

आता कोणी विचारील, “प्रोफेसरसाहेब, कर्ज डोक्यावर आणि पावसाने दडी मारलेली, पळस पाहून पोट भरते काय?” नाही भरत. कवितेने कर्ज फिटते असे सांगणे ही तुमची थट्टा होईल. पण बहिणाबाई चौधरींचे चरित्र आठवा. जन्म 1880 सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. तोही कापसाचाच मुलूख. अक्षरओळख नाही. तिशीत वैधव्य आले, पदरी लेकरे. दुःख का थोडे होते? तरी घरोट्यावर दळताना, शेतात राबताना या माउलीला सुगरणीचा खोपा दिसला, उगवते बी दिसले. काम संपल्यावर आनंद शोधू, असे तिने म्हटले नाही. काम कधी संपतच नव्हते. हात चालू असतानाच तिने पाहिले आणि गायिले.

ते गाणे आपल्यापर्यंत आले, कारण कोणीतरी कान देऊन ऐकले. मुलगा कवी सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी गाणी उतरवून ठेवली. 1951 साली बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून निघाली. वही नसती, तर एवढे धन मातीत गेले असते.

आपल्याकडे असे किती गेले असेल? पिठाची गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले, ते बरेच झाले. पण जात्याबरोबर जात्यावरची ओवीही मुकी झाली. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, एक विनंती. फाल्गुनात आपल्या रानात पळस फुलतो, तेव्हा मुलांना घटकाभर बाहेर न्या. काय दिसले, ते दोन ओळींत लिहू द्या, त्यांच्या घरच्या वऱ्हाडीत, गोंडीत किंवा कोलामीत. आणि घरी गेल्यावर आजीजवळ बसून तिला आठवेल ती एक ओवी उतरवून आणायला सांगा. तेवढ्यासाठी एक वही शाळेच्या कपाटात निराळी ठेवा.