नंदुरबार ते मुंबई अंतर किती? विमानाने किती वेळ लागतो?

नंदुरबार ते मुंबई सरळ रेषेतील हवाई अंतर सुमारे २९० किमी आहे. ताशी ८०० किमी वेगाने हिशेब केला, तर उत्तर येते अवघी २२ मिनिटे! पण हा वेळ फक्त कागदावरचा आहे. उड्डाण करताना आणि उतरताना विमानाचा वेग कमी असतो. शिवाय नंदुरबारमधून नियमित प्रवासी विमानसेवाच नाही.

मग प्रत्यक्षात जायचे कसे?

रस्त्याने: धुळे-नाशिकमार्गे अंतर ४०० किमीहून जास्त होते.

रेल्वेने: नंदुरबार हे उधना-जळगाव मार्गावरील स्थानक आहे. गाडी आधी पश्चिमेला सुरतकडे जाते, मग दक्षिणेला मुंबईकडे वळते. त्यामुळे हे अंतरही ४०० किमीच्या पुढे जाते.

विमानाने: आधी दुसऱ्या शहरातील विमानतळ गाठावा लागतो.

धडगावच्या प्रवाशाला तर आधी चांदसैली घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात दरड कोसळली की हा रस्ता बंद पडतो.

म्हणून मुंबईत दवाखान्याची तारीख किंवा मुलाखत असेल, तर इंटरनेटवरील मिनिटांवर विसंबू नका. घरापासूनचा पूर्ण वेळ मोजा आणि शक्यतो आदल्या दिवशीच निघा.