संगणकाचा ताप

आंब्याच्या अढीत कधी हात घालून पाहिला आहे का? रत्नागिरीकरांना हे विचारायला नकोच म्हणा. पेंढ्यात घातलेला आंबा चार दिवसांत उबेला येतो. ती ऊब बाहेरच्या उन्हाची नसते, फळाची स्वतःची असते. संगणकाच्या तापाचेही असेच आहे.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी पाहिला, त्यांना आठवेल. बटण फिरवल्यावर थोडा वेळ आवाजच नसे, कारण आतली तार तापावी लागे. मागच्या पुठ्ठ्याला भोके असत, ती वारा खेळावा म्हणून. अशा रेडिओत व्हॉल्व्ह पाच-सहा. आता मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी बांधलेले गणकयंत्र घ्या. आर. नरसिंहन यांच्या गटाचे हे यंत्र १९६० मध्ये कामाला लागले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले, 'टिफ्रॅक'. त्यात व्हॉल्व्ह होते सुमारे २,७००! एकेका तारेला नुसते दोन वॅट धरले, तरी पाच हजारांवर वॅट होतात. हिशेब माझा आहे, ढोबळच. पण विजेच्या पाच शेगड्या एका खोलीत पेटवल्यासारखे झाले की नाही?

पुढे ट्रान्झिस्टर आला, तापलेल्या तारेची गरजच उरली नाही. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने '४००४' हा प्रोसेसर विकायला काढला. नखाहून लहान तुकड्यावर २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे जवळजवळ टिफ्रॅकच्या व्हॉल्व्हइतके, आणि खर्च एका वॅटच्या आसपास. त्याला पंखाही नको. वाटले, ताप उतरला. पण माणसाची हाव कुठली थांबते! ट्रान्झिस्टर हजारांचे कोटींवर गेले, वेग वाढला, आणि २००४ च्या सुमारास एवढ्याशा तुकड्यातून शंभर वॅटच्या वर उष्णता निघू लागली. नुसता वेग वाढवत नेण्याचा बेत कंपनीला त्याच वर्षी सोडावा लागला. मग एकाच तुकड्यावर दोन-दोन, चार-चार प्रोसेसर बसवण्याची वाट धरली.

मग किती ताप चालतो? टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर जोरात काम करताना ६० ते ८० अंश सेल्सिअस असला, तर घाबरू नये. बहुतेकांची वरची मर्यादा ९५ ते १०५ च्या आसपास असते. नक्की आकडा बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात पाहावा. मर्यादेशी पोचला की प्रोसेसर आपणच वेग कमी करतो, तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पडते. उष्णता वाढली की आतून वीज जास्त झिरपते, आणि झिरपलेली वीज पुन्हा उष्णताच करते.

ध्यानात घ्या, ताप मोजायचा तो खोलीच्या वर. २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर राहतो, तोच ३५ अंशांच्या खोलीत साधारण ८० वर जाईल. वैशाखात एका खेड्यातल्या शाळेचा संगणक निकालपत्रके करताना दर अर्ध्या तासाने बंद पडे. गुरुजी म्हणाले, "उन्हाळ्याने असेल." झाकण उघडले तर पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत जांभ्याची लाल धूळ गच्च बसलेली. वीज काढून मऊ कुंचल्याने ती झाडली, पंखा बोटाने फिरवून पाहिला. आकडा ९७ वरून ६८ वर आला, आणि निकालपत्रके त्याच संध्याकाळी छापून झाली.