तळटीप : लोकसभेतील दि. बा. पाटील

१. ‘लोकसभेत’ : दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षातर्फे १९७७ व १९८४ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार जमीन हा राज्यसूचीतला विषय, मोठी बंदरे संघसूचीतली, तर भूसंपादन समवर्ती सूचीत. म्हणून नवी मुंबईसाठी राज्य सरकारने संपादलेल्या जमिनींचा जाब विधिमंडळात, न्हावा-शेवा बंदराचा मात्र संसदेत विचारायचा. १८९४चा भूसंपादन कायदा बदलण्याचा अधिकार संसदेलाही होता. तिने २०१३मध्ये नवा कायदा केला. समवर्ती विषयात केंद्र आणि राज्याच्या कायद्यांत विसंगती आढळल्यास सामान्यतः संसदेचा कायदा टिकतो. राष्ट्रपतींची संमती मिळालेला राज्याचा कायदा त्याला अपवाद (अनुच्छेद २५४). — संपा.