रिमोट ट्रक निवडताना : वेगापेक्षा दम महत्त्वाचा

पुणे-सातारा महामार्ग सोडून कापूरहोळहून भोरकडे वळले, की जमिनीचा पोत बदलू लागतो. मुरमाड माळ, मधूनच डोके वर काढणारा काळा कातळ, ओढ्यांतील गोटे आणि भातखाचरांचे बांध! भोर शहराजवळील उत्रोली हे गाव याच पट्ट्यातील. रेडिओ नियंत्रणावर चालणारे ट्रक पळविण्याचा छंद असलेल्या शहरी मंडळींना अशी जमीन साद घालते. मात्र हीच जमीन निवड चुकलेल्या ट्रकला तासाभरात निकामी करू शकते. मोठ्या ट्रकची किंमत एखाद्या जुन्या दुचाकीएवढी होत असल्याने खरेदीपूर्वी थोडा अभ्यास केलेला बरा.

खेळणे आणि छंदाचे वाहन

खेळण्यांच्या दुकानातील रिमोटची गाडी आणि छंदासाठी बनविलेला ट्रक यांत मूलभूत फरक आहे. खेळण्यातील गाडी बिघडली की टाकून द्यावी लागते. छंदाच्या ट्रकचा प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि घरी बदलता येतो. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या मोटारीचे १:१२ प्रमाणातील रेडिओ नियंत्रित मॉडेल बाजारात आणले, ते जोडणीसाठी सुट्या भागांच्या स्वरूपात. गाडी आपण उघडायची आणि आपणच दुरुस्त करायची, हा या छंदाचा पाया आहे. त्यामुळे टिकाऊ ट्रक म्हणजे कधीच न मोडणारा ट्रक नव्हे. मोडल्यावर स्वस्तात आणि लवकर उभा राहतो, तो टिकाऊ.

ब्रशलेस मोटर कशासाठी?

साध्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर घासून वीज पोहोचवितात. ते झिजतात आणि घर्षणात शक्तीही वाया जाते. ब्रशलेस मोटरमध्ये चुंबक फिरतो, तारांची वेटोळी स्थिर राहतात आणि त्यांतील वीजप्रवाह कोणत्या क्षणी बदलायचा हे वेग नियंत्रक ठरवितो. झीज फक्त बेअरिंगची होते. शक्ती अधिक मिळते आणि तीच बॅटरी जास्त वेळ पुरते.

या मोटरवर ‘केव्ही’ असा आकडा असतो. एका व्होल्टला मोटर भाराविना मिनिटाला किती फेरे घेईल, हे तो सांगतो. २,४०० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे २६,६०० फेरे घेते. आकडा मोठा म्हणजे मोटर चांगली, असा मात्र समज नको. जड ट्रकला मोठ्या आकाराची, कमी केव्हीची मोटरच मानवते.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी मंद गतीत अडखळते. दगडांवरून इंच-इंच चढण्याचीच हौस असेल, तर सेन्सर असलेली मोटर किंवा चक्क साधी ब्रशची मोटरही योग्य ठरते. माळावर वेगाने उड्या मारायच्या असतील, तर सेन्सरविना चालते.

आकार आणि बांधणी

१:१० प्रमाणातील ट्रक साधारण दोन-तीन किलोचा असतो. तो नेण्यास सोपा आणि दुरुस्तीला स्वस्त. पण गोटे मोठे असतील तर अडकतो. १:८ प्रमाणातील ट्रक चार ते सहा किलोपर्यंत जातो. मोठी चाके आणि पोटाखालची उंची यांमुळे तो खडकाळ जमीन सहज पार करतो. नवशिक्याने चारही चाकांना शक्ती देणारा १:१० ट्रक घ्यावा, हात बसल्यावर मोठ्याकडे वळावे.

दुकानात सर्वोच्च वेग विचारण्याऐवजी शक्ती वाहून नेणारे भाग पाहावेत. गिअर आणि चाकांकडे जाणारे दांडे पोलादी आहेत का? अडकलेल्या चाकाचा हिसका गिअरपर्यंत जाऊ नये म्हणून स्लिपर क्लच किंवा तत्सम सोय आहे का? स्टिअरिंग वळविणाऱ्या सर्व्होचे गिअर धातूचे आहेत का, आणि त्याला धक्क्यापासून वाचविणारा सर्व्हो सेव्हर आहे का? चाकांना धरणारे हात मात्र लवचिक नायलॉनचेच बरे. हौसेने ॲल्युमिनियमचे बसविले, तर ते वाकतात किंवा धक्का पुढच्या महागड्या भागाकडे ढकलतात. स्वस्त भाग आधी तुटावा, हेच शहाणपणाचे.

चढावर आणि दाट गवतात मोटर तापते. अशा वेळी मोटरवरील लहान गिअर कमी दात्यांचा बसवावा. वेग थोडा घटतो, पण मोटर आणि नियंत्रक वाचतात. मोटरचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, तर ट्रक थांबवावा.

बॅटरीची काळजी

बहुतेक ब्रशलेस ट्रक लिथियम पॉलिमर बॅटरीवर चालतात. तिचा प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा असतो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि ३ व्होल्टखाली उतरला तर खराब होतो. म्हणून नियंत्रकात कमी व्होल्टेजला गाडी रोखणारी सोय चालू ठेवावी. बॅटरी अनेक दिवस ठेवायची असल्यास प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि चार्जिंग सुरू असताना घर सोडून जाऊ नये.

परदेशातून येणारे नातेवाईक बॅटरी आणणार असतील, तर विमानाचे नियम पाहावेत. सुटी लिथियम बॅटरी केवळ हातातील सामानात चालते आणि १०० वॉट-तासांपुढे विमान कंपनीची परवानगी लागते. तीन सेलची ५,००० एमएएच बॅटरी ५५.५ वॉट-तासांची, तर सहा सेलची १११ वॉट-तासांची भरते. खेळण्यांवरील मूळ सीमा शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. म्हणून परदेशी संकेतस्थळावरील किंमत अंतिम मानू नये. ज्याचे सुटे भाग देशातच मिळतात, तेच मॉडेल निवडावे.

चिखल, धूळ आणि शेजारधर्म

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द विजेच्या भागांपुरता असतो. चिखलातून आल्यावर ट्रक पुसून, वाळवून बेअरिंगना तेल द्यावे; अन्यथा ती गंजतात. उन्हाळ्यात मुरमाची बारीक धूळ आणि आसांभोवती गुंडाळलेले गवत काढणे तितकेच गरजेचे आहे.

शेवटची बाब सर्वांत मोलाची. पाच किलोचा ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळला, तर त्याचा मारा १४ मीटरवरून पडलेल्या पाच किलोच्या दगडाएवढा असतो. वेग निम्मा केला, तर मारा एक चतुर्थांशावर येतो. मोकळा दिसणारा माळ कुणाच्या तरी मालकीचा असतो, तेथे गुरे चरतात, बांधावरून मुले शाळेत जातात. मालकाची परवानगी घ्यावी, उभ्या पिकात आणि लावणीच्या खाचरांत ट्रक घालू नये, वाळलेल्या गवतात गरम बॅटरी ठेवू नये. ट्रकचा मोडलेला भाग विकत मिळतो. दुखापत मात्र भरून निघेलच असे नाही.