गद्दार कोण? दिल्लीत जिंकलेल्या एका पोरीची गोष्ट

एखादा खेळाडू दुसऱ्या देशाकडून खेळायला लागला की आपल्याकडे कमेंटमध्ये पहिला शब्द पडतो, "गद्दार". म्हणून म्हटलं, आज एक जुनी गोष्ट सांगावी. गोष्ट चीनची आहे, पण घडली आपल्या दिल्लीत.

1987. टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा नवी दिल्लीत भरली होती. चीनची हे झिली, शांघायची, वय 22, महिला एकेरीच्या उपांत्य फेरीत पोचली. समोर तिच्याच संघातली ग्वान ज्यानहुआ. वरून निरोप आला की ही मॅच सोडायची. अंतिम सामन्यात कोरियाची यांग यंग-जा येणार, आणि तिला ग्वान जास्त जड जाईल, असा कोच मंडळींचा हिशेब.

आता हे ऐकून आपल्याला धक्का बसतो, पण चीनच्या संघात ही रीतच होती. झुआंग झेडोंग 1961, 1963 आणि 1965 असा सलग तीनदा विश्वविजेता झाला. तिन्ही वेळा अंतिम सामन्यात हरला तो त्याचाच सहकारी ली फुरोंग. ली ने वरच्या आदेशावरून माघार घेतली हे पुढे उघड बोललं गेलं. पदक देशाचं, मग कुणाच्या गळ्यात पडतं याला काय महत्त्व, असा तो विचार.

हे झिलीने मान डोलावली म्हणे, आणि टेबलावर गेल्यावर खरंखुरं खेळली. ग्वानला हरवलं. मग अंतिम सामन्यात यांगलाही हरवलं. म्हणजे सुवर्णपदक चीनलाच मिळालं! तरी तिचा गुन्हा माफ झाला नाही. तिचे टीकाकार आणखी एक मुद्दा काढतात. त्याच स्पर्धेत आधीच्या फेरीत चेन जिंगने हिच्यासाठी मॅच सोडली होती, ते मात्र हिने निमूट घेतलं. मुद्दा खोडता येत नाही. पण माझ्या मते त्याने ती रीत बरोबर ठरत नाही, उलट ती किती खोल मुरली होती तेच दिसतं.

पुढच्या वर्षी सोल ऑलिंपिक. टेबल टेनिस पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये. आणि जगज्जेती हे झिली संघातच नाही! महिला एकेरीची तिन्ही पदकं चीननेच नेली. सुवर्ण मिळालं त्याच चेन जिंगला. संघाचं काही अडलं नाही, अडलं ते हिचं.

तिने जपानी माणसाशी लग्न केलं, ओसाकाला गेली, नाव घेतलं चिरे कोयामा. आणि 1994 ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत जपानच्या जर्सीत उतरली. वय 30. उपांत्य फेरीत चीनची चियाओ होंग गेली, अंतिम सामन्यात थेट डेंग यापिंग, 21 वर्षांची ऑलिंपिक विजेती, जिला हरवायचं कसं हेच जगाला कळत नव्हतं. चिरेने तिला हरवलं. पॉइंट घेतला की जपानीत ओरडायची. त्या ओरडण्याने चीनमध्ये टीव्हीसमोर बसलेली माणसं भडकली. वर्तमानपत्रांत देशद्रोही वगैरे सगळं छापून आलं.

गंमत बघा, चेन जिंगही पुढे तैवानकडून खेळली आणि 1996, 2000 अशी दोन ऑलिंपिक पदकं नेली. तेव्हा एवढी आग पेटली नाही. नी शियालियान चीन सोडून लक्झेंबर्गकडून साठी उलटल्यावरही ऑलिंपिक खेळली, तिचं तर कौतुकच होतं. म्हणजे राग देश सोडण्याचा नव्हता. जपानचा इतिहास मध्ये होता, आणि आदेश मोडलेली पोरगी त्याच देशाकडून परत येऊन जिंकली, हे होतं.

जिल्हा पातळीच्या निवड चाचण्या मी कव्हर करतो. यादीत नाव नसलेलं पोरगं नोटीस बोर्डासमोर कसं उभं राहतं ते बघितलंय. त्याला कुणी कारण सांगत नाही.

2008 साली आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम कडक केला. 21 वर्षांनंतर देश बदलणाऱ्याला नव्या देशाकडून जागतिक स्पर्धा खेळता येणार नाही, असं तेव्हा ठरलं. रोख मुख्यतः चिनी खेळाडूंच्या निर्यातीवर होता. तो नियम तेव्हा असता तर पंचविशीच्या आसपास देश सोडलेल्या चिरेला जपानकडून जागतिक स्पर्धेत बॅट हातात घेता आली नसती. आणि दिल्लीतला तो निरोप देणाऱ्यांना कुठलाच नियम लागला नसता.