योहानोत्सवाची पूर्वरात्र व न्यू ऑर्लिन्स येथील व्हूडू पंथ

अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या व्हूडू पंथाविषयीं जें लिहिलें गेलें आहे, त्यांत २३ जूनच्या रात्रीचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मोत्सव कॅथॉलिक पंचांगांत २४ जून रोजीं असतो. त्याची ही पूर्वरात्र. हा दिवस ह्या आफ्रिकी पंथाकडे कोठून आला, व त्याविषयींच्या लेखी पुराव्यास किती किंमत द्यावी, एवढाच विचार आम्हांस येथें कर्तव्य आहे.

तिथीचा उलगडा कठीण नाहीं. लूकच्या शुभवर्तमानावरून योहान येशूहून सुमारें सहा महिन्यांनीं वडील ठरतो. येशूचा जन्म २५ डिसेंबरास धरिला कीं योहानाचा जूनअखेरीस येणें ओघानेंच आलें. जुन्या रोमन गणनेंत दक्षिणायनारंभही ह्याच दिवशीं मानीत. त्यामुळें युरोपांत ह्या रात्रीं होळ्या पेटवून जलस्नानें करण्याची चाल पडली. गोव्यांत ह्याच दिवशीं, सांजावास, तरुण मंडळी डोक्यावर फुलापानांचें कोपेल घालून विहिरींत उड्या टाकतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. पोर्तुगीजांनीं जो दिवस गोव्यांत नेला, तोच फ्रेंचांनीं लुइझियानांत नेला. तेथील १७२४ च्या ‘कोड न्वार’ कायद्यानें गुलामांस कॅथॉलिक धर्माची दीक्षा देणें धन्यांवर बंधनकारक केलें; अर्थात् पंचांगही त्यांच्या पदरीं आलें.

‘व्हूडू’ हा शब्द पश्चिम आफ्रिकेंतील फोन भाषेंतला असून त्याचा अर्थ देवता. नादसाम्यावरून आमच्या ‘भूत’ शब्दाशीं त्याचें नातें जोडण्याचा मोह संस्कृतज्ञास होतो. आम्हांसही क्षणभर झाला. तो सोडावा हें बरें. पुढें १८०९ सालीं हैतींतून परागंदा झालेले नऊ हजारांवर लोक क्यूबामार्गें न्यू ऑर्लिन्स येथें उतरले, त्यांनीं ह्या पंथास नवें बळ दिलें.

पाँचर्ट्रेन सरोवराचा कांठ व योहानाचेंच नांव धारण करणारा बायू सेंट जॉन हा संथ ओढा, हीं ह्या रात्रीचीं स्थळें. १८७० नंतरच्या दशकांत वृत्तपत्रांचे बातमीदार तेथें धांवत, आणि अंधारांत जें दिसलें त्याहून जें वाचकांस हवें तें अधिक लिहीत. उलट, १९३६ ते १९४१ च्या दरम्यान सरकारी लेखकयोजनेंतून वृद्ध रहिवाशांच्या ज्या मुलाखती टिपल्या गेल्या, त्यांत त्या रात्रीच्या मेजवानीची, नाचाची व गाण्याची आठवण येते. ह्याही आठवणी साठसत्तर वर्षांनंतरच्या, हें विसरून चालणार नाहीं.

अशा पुराव्याचा भरंवसा किती, हें पंथाची प्रसिद्ध पुरोहिता मेरी लाव्हो हिच्याच उदाहरणावरून दिसतें. ती १५ जून १८८१ रोजीं, म्हणजे योहानाच्या रात्रीपूर्वीं आठच दिवस, वारली. मृत्युलेखांत वय ९८ छापलें, व तेंच बहुत काळ प्रमाण मानलें गेलें. पुढें चर्चच्या दफ्तरांत तिच्या बाप्तिस्म्याची नोंद सांपडली. तीवरून जन्म १० सप्टेंबर १८०१ चा ठरतो. म्हणजे वय ७९! जीर्ण पानावरच्या एका ओळीनें एकोणीस वर्षें खोडून काढलीं. जुनीं दफ्तरें रद्दींत जात असतां हळहळणाऱ्या आमच्या वाचकांस ह्याचें मोल निराळें सांगणें नको.

एवंच तिथि चर्चची, होळी युरोपाची, व ढोलनृत्य आणि देवतासंचार आफ्रिकेचे, असा आमचा निर्णय आहे. पाण्याचें काय? बाप्तिस्म्याचें पाणी व आफ्रिकी देवतांचें पाणी ह्यांचा संगम येथें असा झाला आहे कीं तो सोडवूं जाणें आम्हांस व्यर्थ वाटतें. आजही २३ जूनच्या सायंकाळीं, पांढरीं वस्त्रें परिधान केलेले भक्त बायूवरील जुन्या पुलाशीं जमतात, मेरी लाव्होस नैवेद्य अर्पितात, व एकेकाच्या मस्तकावर पाणी घालून तें धुतलें जातें.