कलाबतूची ढाल

काही वर्षांपूर्वी एका संग्राहकाच्या घरी पाहिलेले एक खांदाचिन्ह अजूनही डोळ्यांपुढे आहे. तळहातावर मावेल एवढी बनातीची ढाल. खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळ्या भागावर चीनचा सूर्य आणि त्याच्या शेजारी भारताचा तारा. दुसऱ्या महायुद्धात चीन, ब्रह्मदेश आणि भारत मिळून अमेरिकेने जे रणक्षेत्र मानले होते, त्याचे हे चिन्ह. सूर्य आणि तारा मात्र चक्क जरीचे होते, आपल्या आजीच्या शालूच्या पदरावर शोभावी तशा कलाबतूचे. तार काळवंडली होती, पण भरतकाम हलले नव्हते.

अमेरिकी सैन्यात खांद्यावर तुकडीचे चिन्ह लावण्याची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीची. १९१८ साली ८१व्या डिव्हिजनने रानमांजराचे चिन्ह लावले आणि पुढे ती रीतच पडली. १९४२ मध्ये जनरल स्टिलवेल यांच्या हाताखाली अमेरिकी सैनिक भारतात येऊ लागले, तेव्हा हे रणक्षेत्र पुरवठ्याच्या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला होते. यंत्रावर विणलेली सरकारी चिन्हे समुद्रापलीकडून येण्याची वाट कोण पाहणार? कलकत्ता, दिल्ली, कराची येथील शिंपी आणि जरदोजी कारागीर हाताशी होते. सैनिकाने नमुना दाखवावा, भाव ठरवावा आणि काही दिवसांनी ढाल घेऊन जावी. वैमानिकांच्या जाकिटांसाठी हेच चिन्ह कातड्याचे रंगीत तुकडे जोडूनही तयार होई. सैन्याच्या शिस्तीत खरे तर असल्या हौसेला जागा नसते. तरी ती चालली, आणि चालली म्हणूनच आज संग्राहकांना वेड लागते.

कारण यंत्राचे चिन्ह एकसारखे असते, हाताचे नसते. सूर्याला किरण बारा हवेत. हस्तनिर्मित नमुन्यांत ते कमी-अधिक सापडतात. तारा कुठे जाडजूड, कुठे काटकुळा. यांतील काही चिन्हे तर कधी अधिकृत नव्हतीच. ५३०७ क्रमांकाच्या तात्पुरत्या तुकडीचे, म्हणजे 'मेरिल्स मरॉडर्स'चे उदाहरण घ्या. सुमारे तीन हजार स्वयंसेवकांची ही तुकडी १९४४च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशाच्या जंगलात शिरली, १७ मे रोजी तिने मिचिनाचा विमानतळ घेतला आणि १० ऑगस्टला ती विसर्जितही झाली. रोगराईने आणि उपासमारीने तिची चाळण झाली होती. सूर्य, तारा आणि मधून जाणारी वीज असलेले तिचे चिन्ह युद्धकाळात सरकारमान्य नव्हते. ज्या तुकडीचे आयुष्यच वर्षभराचे नाही, तिची त्या काळची किती चिन्हे उरणार? पुढे अमेरिकेच्या ७५व्या रेंजर रेजिमेंटने आपल्या मानचिन्हात हाच वारसा घेतला, आणि मूळ नमुन्यांची मागणी आणखी वाढली.

मागणी वाढली की नकला येतात. संग्राहक मग अतिनील दिवा घेऊन बसतात. कापड आणि धागे उजळ दिसावेत म्हणून वापरली जाणारी रसायने महायुद्धानंतरच सर्रास रूढ झाली. ती असलेला धागा या दिव्याखाली निळसर चमकतो, आणि चमकला की सौदा मोडतो. पॉलिएस्टरचा दोरा सापडला, तरी तेच. पण या कसोट्या फक्त मालाचे वय सांगतात, हाताचे नव्हे. वाराणसीला जरीचे लष्करी बिल्ले आजही हातानेच भरले जातात आणि परदेशी जातात, सियालकोटलाही तसेच. तोच कारचोब, तीच सुई, तोच टाका. नक्कल नेमकी कशाची म्हणायची, हा प्रश्न मला तरी सोपा वाटत नाही. कारागिराने १९४४ मध्ये गिऱ्हाइकाने मागितले ते भरून दिले, आजही तो तेच करतो. खोटे बोलतो तो मधला विक्रेता.

संग्राहकाने आपल्या प्रत्येक चिन्हासाठी एक कार्ड केले होते. तुकडी, वर्ष, रणक्षेत्र, कोणाकडून विकत घेतले, दिव्याची चाचणी, असे सगळे रकाने त्यावर होते. बनवणाऱ्याचा रकाना नव्हता, आणि असता तरी त्यात लिहिणार काय? सैनिकांची नावे हजेरीपटांत राहिली. कारागिराची पावतीही कोणी जपली नाही. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी त्याच कलकत्त्यात परक्या सैनिकांच्या खांद्यांसाठी जरीचे तारे भरले जात होते. ते भरणाऱ्यांच्या घरी त्या वर्षी काय शिजत होते, हे कोणतेही कार्ड सांगत नाही. यात संग्राहकांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांनी जपली नसती, तर ही ढाल माझ्या हाती आलीच नसती. असो.

निघताना मी ती उलटी करून मागितली. जरदोजीत जर कापडाच्या वरच राहते. मागे दिसतात ते फक्त तिला धरून ठेवणारे सुती टाके. सूर्यामागचे टाके बारीक आणि घट्ट होते, ताऱ्यामागचे लांब आणि सैल. एका चिन्हावर बहुधा दोन माणसे बसली असावीत. संग्राहकाच्या हे ध्यानात आले नव्हते. त्याने भिंग काढले आणि आम्ही दोघे पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसलो.